इमारत राज्याची, हप्ता विद्यार्थ्याचा

न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. शहराच्या पश्चिमेला एकेकाळी पैसेवाल्यांचा गोल्फ क्लब होता, तिथे आज राज्यभर पसरलेल्या राज्य विद्यापीठाचे एक संकुल उभे आहे. एका प्रचंड चौथऱ्यावर शैक्षणिक इमारती, सगळ्यांवर मिळून एकच सलग छत, त्याखाली पांढऱ्या काँक्रीटच्या खांबांच्या रांगाच रांगा आणि चार कोपऱ्यांना वसतिगृहांचे चार मनोरे. आराखडा एडवर्ड ड्युरेल स्टोन यांचा. दिल्लीतला अमेरिकी दूतावासही त्यांनीच बांधला. फोटोत हे सगळे देखणे दिसते. जानेवारीत त्या खांबांमधून सुटणारा वारा सोसणाऱ्यांना मात्र ते फारसे पटत नाही.

मला जास्त कुतूहल आहे ते या काँक्रीटमागच्या पैशाचे.

१९५९ साली नेल्सन रॉकफेलर गव्हर्नर झाले, तेव्हा महायुद्धानंतर जन्मलेली पिढी कॉलेजच्या दाराशी येऊन ठेपत होती. १९४८ साली स्थापन झालेल्या राज्य विद्यापीठाकडे तिला पुरेल एवढी जागा नव्हती. कर्ज काढावे, तर राज्यघटना आडवी येई: राज्याच्या पतीवर दीर्घ मुदतीचे कर्ज घ्यायचे असेल, तर मतदारांची मंजुरी हवी. आणि मतदार ‘नाही’ म्हणू शकतात.

१९६२ साली यावर तोडगा निघाला. विद्यापीठ बांधकाम निधी नावाची स्वतंत्र संस्था काढली गेली. बांधकाम ती करणार, कर्जरोखे घरबांधणीसाठी काढलेले दुसरे एक महामंडळ विकणार आणि परतफेडीला तारण असणार विद्यार्थ्यांच्या फीचे. कागदोपत्री हे कर्ज राज्याचे नव्हेच! त्यामुळे मतदारांना विचारायचीही गरज उरली नाही. शिवाय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रांगेत ताटकळणे टळले आणि कामे भराभर उठली. रोखे घेणाऱ्याला मात्र भरवशाचे उत्पन्न दिसायला हवे. १९६३पासून विद्यापीठभर वर्षाला ४०० डॉलरची एकसारखी फी लागू झाली. जिथे तोवर शिकवणीची फी नव्हती, त्या शिक्षक महाविद्यालयांतही ती आली. नव्या वर्गखोल्यांचे कर्ज त्यांत बसणाऱ्यांच्या खिशातून फिटणार होते.

याच घरबांधणी महामंडळाच्या रोख्यांसाठी जॉन मिचेल या वकिलाने एक भन्नाट कलम शोधले होते. पैसे कमी पडले तर राज्यावर कायदेशीर जबाबदारी नाही, फक्त ‘नैतिक’ बांधिलकी. (हेच मिचेल पुढे निक्सन यांचे अॅटर्नी जनरल झाले आणि वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेले.) १९७५च्या फेब्रुवारीत राज्याच्याच नगरविकास महामंडळाने देणी थकवली, तेव्हा अशा बांधिलकीला बाजारात किती किंमत असते ते गुंतवणूकदारांना कळले.

ही युक्ती आपल्याकडेही अगदीच परकी नाही. केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांनी २०१७ साली उभारलेली ‘हेफा’ केंद्रीय शिक्षणसंस्थांना इमारतींसाठी कर्ज देते. व्याजाचा भार सरकार उचलते. मुद्दल मात्र काही संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातून फेडावे लागते आणि त्या उत्पन्नात फीही आली. उलट, ‘रुसा’ या केंद्राच्या योजनेतून राज्य विद्यापीठांना मिळाले ते कर्ज नव्हते, अनुदान होते. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्याचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा होता. त्या पैशाच्या इमारतींचा हप्ता विद्यार्थ्याच्या फीच्या पावतीवर येत नाही.