पांढरं जातंय? दही खा, पण औषध म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका



बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला, रजिस्टर मिटलं, की कुणीतरी हळूच मागे थांबतं. "ताई, अंगावरून पांढरं जातंय. मेडिकलवाला दह्यातल्या जंतूंच्या कॅप्सूल देतो, घेऊ का?" एकीने तर घरचं दहीच आतून लावून बघितलं होतं. म्हणून यावेळी याच विषयावर लिहिते.

आपल्या योनीमार्गात चांगले जंतू असतात, लॅक्टोबॅसिलस नावाचे. दह्यातल्या जंतूंसारखेच ते आंबटपणा तयार करतात, आणि त्या आंबटपणात वाईट जंतू वाढत नाहीत. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतलं की हे चांगले जंतूच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरतं.

दोन पाळ्यांच्या मधे किंवा गरोदरपणात थोडं, बिनवासाचं पांढरं जाणं हा आजार नाही. पण माशासारखा वास येत असेल, दह्याच्या चोथ्यासारखं जाऊन खाज सुटत असेल, किंवा पिवळं-हिरवं फेसाळ जात असेल तर तो संसर्ग असू शकतो. प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि नुसतं बघून नेहमी ओळखता येत नाही. फेसाळ जाण्याच्या संसर्गात तर नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर तो परत होतो. (हे घरी सांगणं अवघड आहे, मला माहीत आहे. नर्सताईंना सांगायला लावा.)

मग दही? खायला उत्तम. आत लावू नका. विरजणातले जंतू वेगळे, ते तिथे टिकत नाहीत, आणि घरच्या दह्यात इतर जंतूही असतात. २०२० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वासाचा संसर्ग झालेल्या २२८ बायकांना आधी औषध दिलं, नंतर काहींना योनीतलेच चांगले जंतू आत ठेवायला दिले. बारा आठवड्यांत त्यांच्यात शंभरातल्या ३० जणींना त्रास परत झाला, बाकीच्यांत ४५ जणींना. म्हणजे फायदा झाला, पण औषधानंतर. आणि मेडिकलमधली कॅप्सूल म्हणजे ते जंतू नव्हेत. तेवढ्यासाठी गटाचं कर्ज काढू नका.

सरकारी दवाखान्यात पांढरं जाण्यावरच्या गोळ्यांचं हिरवं पाकीट मोफत मिळतं. पाळी चुकली असेल किंवा दिवस गेले असतील तर गोळी घेण्याआधी सांगा. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, मधेच रक्त जातंय, तर त्याच दिवशी जा.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही आजार निघाला, पण आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. एकटीने जायला लाज वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या. "पांढरं जातंय" एवढं म्हटलं तरी पुरे, पुढचं नर्सताई विचारतात.