रस्त्याकडेची टपालपेटी

अमेरिकेत ज्याचे टपाल रस्त्याकडेच्या पेटीत पडते, त्या गृहस्थाने नवी पेटी घेताना हे ध्यानी ठेवावे की, पेटी जरी स्वखर्चाची असली, तरी तीवर अंमल टपालखात्याचा चालतो. १९१५ साली रॉय जोरोलमन या खात्यातील अभियंत्याने आखलेला कमानदार नमुना आजही प्रचलित आहे. मात्र खरेदीपूर्वी पोस्टमास्टर जनरलच्या मंजुरीचा शिक्का पाहावा. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच व तोंड कडेपासून ६ ते ८ इंच आत असावे, म्हणजे टपालवाल्याचा हात गाडीतूनच पोहोचतो. चार इंची चौरस लाकडी खांब २४ इंचांहून खोल पुरू नये. मोटार आदळल्यास तो सहज मोडावा, हा त्यातील हेतू. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर भूमिगत वाहिन्यांविषयी अवश्य विचारावे.