जुना डीएसएलआर, नवा डीएसएलआर : नऊ वर्षांत नेमके काय बदलले?

म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथील एखाद्या लहान स्टुडिओच्या कपाटात आजही निकॉनचा डी ९० कॅमेरा आढळतो. कडेचे रबर सैल झालेले, अक्षरे पुसट झालेली. पण बटण दाबताच आरसा पूर्वीसारखाच खटकन उचलला जातो. त्या कॅमेऱ्याच्या मालकापुढे आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिला कॅमेरा शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न एकच असतो. हाच कॅमेरा वापरावा, की साठवलेले पैसे मोडून त्याच घराण्यातील नवा घ्यावा? विक्रेता आकडे दाखवतो आणि आकडे नेहमी नव्याच्या बाजूने बोलतात. त्या आकड्यांपैकी किती छायाचित्रात उतरतात आणि किती केवळ खोक्यावर राहतात, हे तपासून पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

तुलनेसाठी निकॉनचे दोन कॅमेरे सोयीचे आहेत. डी ९० ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झाला. डी ७५०० एप्रिल २०१७ मध्ये. दोन्ही हौशी आणि व्यावसायिक यांच्या सीमेवरचे, दोन्हींचा सेन्सर जवळजवळ एकाच आकाराचा, दोन्हींना लागणारी भिंगे तीच. त्यामुळे मधल्या नऊ वर्षांत तंत्रज्ञानाने काय दिले, हे येथे बऱ्यापैकी स्वच्छ दिसते.

जे बदललेच नाही

डीएसएलआरचा गाभा दोन्हींत एकच आहे. भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आदळतो, वर पंचकोनी लोलकात वळणे घेतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. त्या आरशामागे आणखी एक लहान आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली तळाशी बसवलेल्या फोकसच्या संवेदकाकडे पाठवतो. बटण दाबले की दोन्ही आरसे बाजूला होतात, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो.

भिंग बसवण्याची निकॉनची एफ माउंट ही रचना १९५९ पासूनची आहे. ज्या भिंगांत स्वतःची मोटर नसते, ती फिरवण्यासाठी लागणारी मोटर या दोन्ही कॅमेऱ्यांच्या अंगात आहे. म्हणूनच फिल्मच्या काळातली अनेक स्वयंचलित भिंगे दोन्हींवर चालतात. मात्र पूर्णपणे हाताने फिरवायची जुनी भिंगे लावली, तर दोन्ही कॅमेरे प्रकाश मोजून देत नाहीत. नवा कॅमेरा प्रत्येक बाबतीत जुन्याच्या पुढेच असतो, असा समज असेल तर हा तपशील ध्यानात ठेवावा.

मेगापिक्सेलचा हिशेब

डी ९० मध्ये १२.३ मेगापिक्सेल, डी ७५०० मध्ये २०.९. आकडा सत्तर टक्क्यांनी मोठा दिसतो. पण पिक्सेल लांबी आणि रुंदी अशा दोन दिशांना वाटले जातात. जुन्याचे चित्र ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचे, नव्याचे ५५६८ बाय ३७१२ चे. म्हणजे प्रत्येक बाजूला वाढ होते ती सुमारे तीस टक्के. इंचाला ३०० बिंदू या दर्जाने छापायचे तर जुन्या कॅमेऱ्याचे चित्र साधारण १४ बाय साडेनऊ इंचांपर्यंत जाते, नव्याचे साडेअठरा बाय बारा इंचांपर्यंत.

घरातील फोरके टीव्हीच्या पडद्यावर ३८४० बाय २१६० पिक्सेल असतात. डी ९० चे चित्र त्याहूनही मोठे आहे. मोबाइलवर, वृत्तपत्राच्या पानावर किंवा नेहमीच्या लग्नाच्या अल्बममध्ये या दोन कॅमेऱ्यांची चित्रे केवळ पिक्सेलच्या बळावर वेगळी ओळखणे कठीण आहे. फरक उपयोगी पडतो तो चित्राचा मोठा भाग कापून टाकावा लागतो तेव्हा. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या फांदीवर दूर बसलेला खंड्या टिपताना जवळ जाता येत नाही. तेथे जास्तीचे पिक्सेल पक्ष्याच्या पिसांत दिसतात. नव्या सेन्सरपुढे प्रतिमा किंचित मऊ करणारा प्रकाशीय फिल्टर नाही, हेही त्या बारकाव्याला साहाय्यभूत ठरते.

अंधाराची कसोटी

विक्रेत्याचा सर्वांत मोठा आकडा आयएसओचा असतो. डी ९० ची कमाल मर्यादा, वाढीव पल्ला धरून, ६४००. डी ७५०० ची तब्बल १६ लाख ४० हजार. ६४०० दर टप्प्याला दुप्पट करत गेले, तर आठव्या टप्प्याला हा आकडा येतो. छायाचित्रकारांच्या भाषेत आठ स्टॉप. नवा कॅमेरा अंधारात आठ स्टॉपने सरस आहे, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही.

याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि पावसाच्या थेंबांप्रमाणे हे कण अनियमितपणे पडतात. एखाद्या बिंदूवर दहा हजार कण पडले, तर त्यातील चढउतार सुमारे शंभरांचा, म्हणजे एक टक्क्याचा असतो. शंभरच कण पडले, तर चढउतार दहांचा, म्हणजे दहा टक्क्यांचा. अंधारातील चित्रात दिसणारे रवाळ ठिपके मुख्यतः या चढउताराचे असतात. आयएसओ वाढवल्याने जास्तीचा प्रकाश येत नाही; आलेला अपुरा प्रकाश उजळ करून दाखवला जातो.

दोन्ही सेन्सरचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे असल्याने तेच भिंग आणि तोच शटरवेग ठेवला, तर दोन्हींवर पडणारा प्रकाशही सारखाच. नवा सेन्सर त्यातील अधिक कण पकडतो आणि स्वतःच्या विद्युत्मंडलाचा गोंधळ कमी मिसळतो. पण चित्र रॉ स्वरूपात तपासले, तर वाढीव आयएसओला हा लाभ एका स्टॉपच्याही आतच राहतो.

खरी प्रगती दिसते ती भरपूर प्रकाशात, आणि ती बहुधा जाहिरातीत नसते. डी ९० चा मूळ आयएसओ २००, डी ७५०० चा १००. म्हणजे नवा सेन्सर भरून जाण्यापूर्वी अधिक प्रकाश साठवू शकतो. जुना प्रत्येक बिंदूची नोंद १२ बिटांत, म्हणजे ४०९६ पायऱ्यांत करतो. नवा १४ बिटांत, १६,३८४ पायऱ्यांत. दुपारच्या उन्हात मंदिराचा पांढरा दीपस्तंभ आणि सभामंडपातील काळोख एकाच चित्रात आले, की जुन्या कॅमेऱ्यात सावल्या नंतर उजळताना ठिपके आणि पट्टे उमटू लागतात. नव्यात त्याच सावल्यांतून खांबांवरचे नक्षीकाम बाहेर काढता येते.

भिंगाचे पारडे

अंधाराचा प्रश्न सोडवण्याचा दुसरा मार्ग सेन्सरच्या पुढे आहे. डी ९० सोबत सर्रास मिळणारे १८-१०५ मिलिमीटरचे भिंग लांब टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ८५ मिलिमीटरचे किंवा स्वस्तातले ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग त्याहून नऊपट अधिक प्रकाश आत घेते; हे तीन स्टॉपहून जास्त झाले. पेडणे भागात रात्री रंगणाऱ्या दशावताराच्या प्रयोगात जुन्या भिंगाने आयएसओ ६४०० लागत असेल, तर तेथेच आता ८०० पुरतो.

नऊ वर्षांच्या सेन्सर-संशोधनाने जेवढे दिले, त्याच्या कितीतरी पट अधिक हे एक लहानसे भिंग देते. त्याची किंमतही मोजावी लागते. अशा भिंगाने झूम होत नाही. पायांनी पुढे-मागे सरकावे लागते. शिवाय पूर्ण उघडल्यावर फोकसची पट्टी अतिशय अरुंद होते. डोळा स्पष्ट आला आणि कान धूसर झाला, असे सहज घडते.

जेथे नवा निर्विवाद पुढे आहे

येथेच फोकस-यंत्रणेचा मुद्दा येतो. डी ९० मध्ये फोकसचे ११ बिंदू आहेत आणि त्यांपैकी फक्त मधला बिंदू उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांच्या रेषा ओळखतो. डी ७५०० मध्ये ५१ बिंदू असून त्यांपैकी १५ या प्रकारचे आहेत. प्रकाश मोजणारा संवेदक जुन्यात ४२० पिक्सेलचा होता, नव्यात तो १,८०,००० पिक्सेलचा आहे. तो रंग आणि आकार ओळखून हलणाऱ्या विषयाचा माग ठेवायला मदत करतो. जुना सेकंदाला साडेचार चित्रे टिपतो, नवा आठ.

शिगमोच्या मिरवणुकीत रोमटामेळातील नाचणारे पुढे धावत येतात, गुलाल उधळला जातो, चेहरे क्षणाक्षणाला जागा बदलतात. अशा वेळी जुना कॅमेरा वापरणारा मधल्या बिंदूवर फोकस धरतो, चौकट सरकवतो आणि क्षण हुकू नये अशी आशा करतो. नवा कॅमेरा चेहऱ्यामागे स्वतः धावतो. हा फरक कोणत्याही भिंगाने भरून निघत नाही.

चलच्चित्रणाची कथाही तशीच. व्हिडिओ टिपणारा जगातील पहिला डीएसएलआर हा मान डी ९० चा आहे. परंतु त्याचे चित्रण १२८० बाय ७२० चे, एका वेळी पाच मिनिटांपुरते, एकाच वाहिनीच्या आवाजाचे. चित्रण चालू असताना आपोआप फोकस नाही आणि बाहेरचा मायक्रोफोन जोडायला जागा नाही. डी ७५०० फोरके चित्रण करतो, मायक्रोफोन आणि हेडफोन दोन्ही स्वीकारतो. अर्थात फोरके चित्रणात चौकटीच्या कडा आणखी कापल्या जातात आणि लहान खोलीत रुंद दृश्य मिळत नाही. तरीही ज्याला व्हिडिओतून उत्पन्न मिळवायचे आहे, त्याच्यासाठी जुना कॅमेरा आता पर्याय उरलेला नाही.

जुन्या देहाची परीक्षा

जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने तंत्रज्ञानाइतकीच झीजही पाहावी. डी ९० चे शटर एक लाख उघडझापींसाठी, डी ७५०० चे दीड लाखांसाठी तपासलेले आहे. निकॉनच्या चित्र-फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते. विकणाऱ्याकडून ताजे चित्र मागून घेतल्यास ती संगणकावर वाचता येते.

किनारपट्टीवर त्याहून मोठा शत्रू बुरशी आहे. पावसाळ्यातील चार महिने बंद बॅगेत राहिलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. भिंग काढून, पूर्ण उघडून, एका बाजूने टॉर्च टाकून दुसऱ्या बाजूने पाहिले की हे धागे लगेच दिसतात. असे भिंग कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये आणि चांगल्या भिंगांशेजारी ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, ते वेळोवेळी सुकवून कॅमेरा ठेवणे हा सोपा उपाय दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच लागू आहे.

आणखी एक वास्तव विसरता येत नाही. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ मध्ये आपली आरसा नसलेल्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यांची नवी मालिका आणली आणि त्यानंतर नव्या भिंगांचा ओघ तिकडेच वळला. म्हणून आज डीएसएलआरसाठी भिंग घेताना उद्याचाही विचार हवा. स्वतःची मोटर असलेली निकॉनची एएफ-एस भिंगे जोडणीच्या साहाय्याने नव्या झेड कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करतात. कॅमेऱ्याच्या मोटरवर अवलंबून असलेली जुनी डी भिंगे निकॉनच्या एफटीझेड जोडणीवर तसे करू शकत नाहीत. ५० मिलिमीटरचे डी भिंग स्वस्त पडते, जी भिंग थोडे महाग. पण दुसऱ्याचे आयुष्य कॅमेऱ्याहून लांब आहे.

निर्णय कसा घ्यावा

खर्च करण्यापूर्वी एक बिनखर्चाची चाचणी करता येते. गेल्या काही महिन्यांतील आपली फसलेली शंभर चित्रे संगणकावर काढावीत आणि त्यांचे चार गट करावेत : अंधारामुळे ठिपके आलेली किंवा हलल्याने पुसट झालेली, फोकस दुसरीकडेच गेलेली, खूप कापावी लागल्याने निकृष्ट झालेली, आणि क्षण, चौकट किंवा प्रकाशाची दिशा चुकलेली.

पहिला गट मोठा निघाला, तर पैसे भिंगावर खर्च करावेत. जुना कॅमेरा राहू द्यावा. दुसरा किंवा तिसरा मोठा निघाला, तर नवा कॅमेरा खरोखर फरक पाडील. व्हिडिओची कामे नाकारावी लागत असतील, तरीही उत्तर तेच. आणि चौथा गट सर्वांत मोठा निघाला, तर दोन्ही खर्च पुढे ढकलून, आहे तोच कॅमेरा घेऊन रोज सकाळी तासभर बाहेर पडावे. बहुतेकांच्या संगणकावर हाच गट मोठा निघण्याची शक्यता आहे, आणि तो लहान करणारा कॅमेरा अद्याप कोणत्याही दुकानात आलेला नाही.