तीव्र चढणीवर ट्रेलर चढविणे

तीव्र चढणीवर ट्रेलर चढविणे म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले अवजड वाहन ट्रॅक्टर, ट्रक किंवा अन्य खेचक वाहनाच्या साह्याने उभ्या, अरुंद अथवा कच्च्या चढावरून वर नेणे. घाटरस्ते, खाणी, धरणांची बांधकामे व कारखाने येथे ही क्रिया नित्याची असते. शहरांच्या नव्या वस्त्यांत घराच्या फाटकापासून अंगणापर्यंतच्या आखूड उतारावर, म्हणजे बोलीभाषेतील ‘रॅम्प’वर, तिचे लहान रूप रोज पाहावयास मिळते. चढ जिंकण्यासाठी इंजिनाची ताकद हीच मुख्य गोष्ट आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात यश बहुतेक वेळा खेचणाऱ्या चाकांच्या जमिनीवरील पकडीवर आणि चढणीच्या लांबीवर अवलंबून असते.

हुडकेश्वर परिसरातील स्वरूप

नागपूरच्या दक्षिण-आग्नेय भागातील हुडकेश्वर हे मूळचे स्वतंत्र ग्रामपंचायतीचे गाव. शेजारच्या नरसाळ्यासह २०१३ मध्ये त्याचा समावेश नागपूर महानगरपालिकेत झाला. शेतजमिनींवर ले-आउट पडून वस्ती वाढलेला हा भाग मुळात सपाट आहे. येथे डोंगर नाही, घाट नाही. तरीही अशा वस्त्यांत चढणीचा प्रश्न उभा राहतो, तो माणसाने केलेल्या भरावामुळे. पावसाळ्यात पाणी घरात शिरू नये म्हणून जोते उंच घेतले जाते, भूखंडावर मुरूम टाकून तो रस्त्याच्या वर आणला जातो. पुढे सिमेंटचा रस्ता झाला आणि त्याची पातळी वाढली, की शेजारचा जुना भूखंड खोलगट राहतो व त्याचा मालकही भराव घालू लागतो. भूखंडाची लांबी मर्यादित असल्याने एक ते दीड मीटरची उंची आठ-दहा मीटरांतच गाठावी लागते. परिणामी वाळू, मुरूम, विटा वा सळई घेऊन आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसमोर घाटरस्त्याहूनही उभा चढ येतो.

त्यात मातीची भर पडते. नागपूर परिसरात अनेक ठिकाणी आढळणारी काळी माती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर भेगाळते. कोरडी असताना ती दगडासारखी घट्ट असते. एका सरीनंतर मात्र चाकाच्या खाचा तिने भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. जून ते सप्टेंबर या काळात गाड्या रुतण्याचे प्रसंग वाढतात, ते यामुळेच.

चढणीचे मोजमाप

चढ दोन प्रकारे सांगतात. ‘१ः१०’ म्हणजे दहा मीटर आडवे अंतर जाताना एक मीटर उंची. हाच चढ टक्केवारीत १० टक्के. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट प्रदेशातील रस्त्याचा नियामक चढ ३.३ टक्के, डोंगराळ प्रदेशात ५ टक्के आणि अतिउताराच्या प्रदेशात ६ टक्के धरतात. अपवादात्मक लांबीपुरतीही मर्यादा ८ टक्क्यांपर्यंतच जाते. इमारतींतील वाहनतळाच्या रॅम्पसाठी १ः८, म्हणजे १२.५ टक्के, हे प्रमाण प्रचलित आहे. मोटारीला तो सहज जमतो. पूर्ण भरलेल्या ट्रॉलीच्या दृष्टीने मात्र ती घाटातील सर्वांत कठीण वळणापेक्षाही दीडपट उभी वाट असते.

पकडीचा हिशेब

एक स्थूल उदाहरण पुरेसे आहे. ट्रॅक्टरचे वजन २ टन, त्यापैकी मागच्या (खेचणाऱ्या) चाकांवर १.४ टन, आणि भरलेल्या ट्रॉलीचे वजन ५ टन मानले, तर एकूण भार ७ टन होतो. १ः८ चढावर या भाराचा साधारण आठवा हिस्सा, म्हणजे ०.८७ टन इतका ओढा खाली असतो. कोरड्या काँक्रीटवर चाके फिरविण्यास लागणारा रोध दीड टक्का धरल्यास त्यात सुमारे ०.१ टनाची भर पडते. गरज झाली सुमारे ०.९७ टनाची. कोरड्या काँक्रीटवर पकडीचा गुणांक ०.७ घेतला, तर १.४ टन भाराची चाके जास्तीत जास्त ०.९८ टन ओढू शकतात. म्हणजे गाडी चढते, पण कशीबशी.

तोच चढ ओल्या काळ्या मातीचा असेल, तर पकडीचा गुणांक ०.३ च्या आसपास येतो व उपलब्ध ओढ ०.४२ टनांवर उतरते. भरीस चाके रुतल्याने रोध कित्येक पटींनी वाढतो. इंजिन ३५ अश्वशक्तीचे असो की ५५, अशा स्थितीत चाके जागच्या जागी फिरून खड्डा करतात. अधिक ‘रेस’ दिल्याने खड्डा खोल होतो, एवढेच.

ट्रॉलीतील २ टन माल खाली उतरविल्यास एकूण भार ५ टन होतो आणि कोरड्या काँक्रीटवरची गरज ०.७ टनांपर्यंत खाली येते. एका फेरीऐवजी दोन फेऱ्या करण्याचा हमालांचा जुना सल्ला या आकड्यांतून सहज पटतो. वेळ आणि डिझेल वाचविण्यासाठी तो धुडकावला जातो, व बहुतेक अपघातांची सुरुवात तेथेच होते.

दुचाकी ट्रॉलीचा थोडा भार जोडणीतून ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो व पकड वाढते. चारचाकी ट्रॉलीत हा लाभ जवळजवळ नसतो. मात्र दुचाकी ट्रॉलीत माल अगदी मागे रचला, तर चढावर जोडणी वर उचलली जाऊन हा फायदा उलटा होतो. म्हणून विटा वा पोती भरताना भार चाकांच्या किंचित पुढे ठेवतात.

ट्रॅक्टरची पुढची चाके उचलणे

चढावर भार ओढताना ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवरील वजन कमी होते. ऊस वाहतुकीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची तोंडे चढावर हवेत गेलेली दिसतात. पुढची चाके जमिनीवरून सुटली की सुकाणूचा ताबा संपतो. ओढ तशीच राहिल्यास ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती फिरून पाठीवर पडू शकतो. ही क्रिया एक-दोन सेकंदांत पूर्ण होते व चालकाला उडी मारण्यास अवधी मिळत नाही.

जोडणी जितकी उंच, तितका हा धोका अधिक. मागच्या आसाच्या वरच्या बाजूस साखळी वा दोर बांधून रुतलेली ट्रॉली ओढणे यासाठीच घातक ठरते. ओढ नेहमी खालच्या हुकातूनच घ्यावी लागते. पुढे वजनाच्या लोखंडी पट्ट्या लावणे हा योग्य उपाय होय. बोनेटवर वा मडगार्डवर माणसे बसवून तोंड दाबण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिच्यात ट्रॅक्टर उलटल्यास किंवा चाक घसरल्यास प्रथम तीच माणसे सापडतात.

उलटे चढविणे

माल थेट जोत्यापाशी ओतावयाचा असल्यास चालक ट्रॉली मागे रेटत रॅम्पवर चढवितो. यात ट्रॅक्टरचे तोंड उताराकडे असल्याने तो पाठीवर पडण्याची भीती नसते. परंतु मागील चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांकडे सरकून पकड घटते, आणि रेटलेली ट्रॉली स्वभावतःच अस्थिर असते: किंचित तिरकी झाली की तिरकेपणा वाढतच जातो आणि अखेर ट्रॉली ट्रॅक्टरला काटकोनात दुमडते. ट्रॉली उजवीकडे वळवायची तर सुकाणू आधी डावीकडे फिरवावे लागते, हे कौशल्य सरावानेच येते. तिरकेपणा दिसू लागताच थोडे पुढे येऊन गाडी सरळ करणे हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे.

पोट टेकणे

यंत्रे वाहणाऱ्या खालच्या तळाच्या लांब ट्रेलरची अडचण वेगळी असते. चढ संपून सपाटी सुरू होते त्या माथ्यावर ट्रेलरचा मधला भाग जमिनीला टेकतो. पुढच्या व मागच्या चाकांत ९ मीटर अंतर असेल आणि १ः८ चढ एकदम सपाट होत असेल, तर माथा दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या सुमारे २८ सेंटिमीटर वर येतो. ट्रेलरच्या पोटाखाली ३० सेंटिमीटर मोकळी जागा असल्यास तो दोन सेंटिमीटरांनी निभावतो. दाबल्या गेलेल्या स्प्रिंगा तेवढेही उरू देत नाहीत. माथ्यापूर्वी व माथ्यानंतर लाकडी स्लीपर किंवा जाड पोलादी पत्रे टाकून वळण लांबविले, की ही अडचण दूर होते. चढाच्या पायथ्याशी याच्या उलट ट्रेलरची मागची शेपटी घासते.

लांब वाट व आखूड वाट

चढाची लांबी वाढवून तीव्रता कमी करण्याचे तत्त्व विदर्भातच एका मोठ्या प्रसंगात कसोटीस लागले होते. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सैन्याने चिखलदऱ्याजवळील गाविलगडास वेढा घातला. कर्नल स्टीव्हन्सन याच्या तुकडीने अचलपूरहून निघून, मेळघाटच्या डोंगरांतून वळसा घेत, उत्तरेकडील लबाडा गावापर्यंत जड तोफा नेल्या. सुमारे तीस मैलांचा हा मार्ग सैनिकांना स्वतःच तयार करावा लागला आणि बहुतेक अंतर तोफा हातांनी ओढाव्या लागल्या. ७ डिसेंबरला सुरू झालेले हे काम १२ तारखेस संपले. त्याच वेळी आर्थर वेलस्लीच्या तुकडीने दक्षिण दरवाजाखालच्या उभ्या डोंगरावर मोर्चा बांधला. ही वाट आखूड होती, परंतु शर्थ करूनही जड लोखंडी तोफा तेथे चढल्या नाहीत आणि हलक्या पितळी तोफांच्या माऱ्याचा तटावर फारसा परिणाम झाला नाही. किल्ला १५ डिसेंबरला पडला, तो उत्तरेच्या बाजूने.

लोहमार्गांनी हेच तत्त्व पुढे नेले. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर सर्वांत तीव्र चढ १ः३७ इतकाच आहे. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असल्याने याहून उभा चढ परवडत नव्हता. उंची गाठण्यासाठी जुन्या मार्गावर गाडीची दिशा उलटविणारे स्थानक बांधले होते. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात जड गाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिने जोडण्याची प्रथा आजही आहे. एकाच इंजिनाची ताकद वाढविण्याऐवजी खेचणाऱ्या चाकांची संख्या वाढविणे, हा त्यामागील विचार. चढावर दुसरी बैलजोडी जोडणारा गाडीवान वेगळे काही करीत नसे.

अतिअवजड भार

रोहित्रे, कारखान्यांतील दाबपात्रे अशा भारांसाठी अनेक आसांचे हायड्रॉलिक ट्रेलर वापरतात. प्रत्येक आसाचा दाब एकमेकांशी जोडलेला असल्याने भार सर्व चाकांवर सारखा वाटला जातो, आणि एका बाजूची उंची कमी-जास्त करून भार चढावरही आडवा राखता येतो. घाटात पुढे एकाहून अधिक खेचक व गरजेप्रमाणे मागे एक रेटणारा ट्रक जोडतात. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रातून जुलै २०१९ मध्ये निघालेले सुमारे ७० टनांचे ऑटोक्लेव्ह ७४ चाकांच्या वाहनावरून जुलै २०२० मध्ये पोहोचले. सोबत तीसहून अधिक कर्मचारी होते. वाटेत रस्ते दुरुस्त करणे, झाडांच्या फांद्या छाटणे व वीजतारा बाजूस करणे भाग पडले. त्यातच टाळेबंदीने प्रवास रखडला.

वस्तीतील अरुंद गल्लीत असे ट्रेलर शिरत नाहीत. तेथे ट्रेलर मुख्य रस्त्यावर उभा करून हायड्रा क्रेनने माल उचलून नेणे अनेकदा स्वस्त पडते. चेनकुप्पी किंवा विंच वापरल्यास ट्रॉलीच्या जोडणीवर एक सुटी कप्पी बांधून दोर परत वरच्या खांबाकडे नेतात. ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. ताणलेल्या तारेच्या रेषेत वा तिच्या वळणाच्या आत कोणी उभे राहू नये, कारण तुटलेली तार चाबकासारखी फिरते.

मध्येच थांबणे व मागे घसरणे

चढणीवरील सर्वांत घातक क्षण गाडी थांबल्यानंतरचा असतो. ट्रॅक्टरला जोडल्या जाणाऱ्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ७ टनांचा सर्व भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पेलावा लागतो. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी वेगळी ब्रेक पेडले असतात. शेतात ती सुटी ठेवलेली असतात आणि रस्त्यावर निघताना पट्टीने जोडण्याचे विसरले, तर एकच चाक अडते व गाडी आडवी फिरते. अडलेली चाकेही ओल्या मातीवर घसरू शकतात. चढाच्या मध्यावर गियर बदलण्यासाठी क्लच दाबणे म्हणजे इंजिनाचा आधार क्षणभर सोडणे होय. म्हणून खालचा गियर चढ सुरू होण्यापूर्वीच टाकतात आणि माथा येईपर्यंत बदलत नाहीत. मोठ्या ट्रक-ट्रेलरना हवेचे ब्रेक असतात. त्यांतील स्प्रिंग-ब्रेक हवेचा दाब गेल्यास आपोआप लागतात, ही सोय ट्रॉलीला नसते.

या क्षणी चाकामागे दगड लावण्यासाठी धावणारा मदतनीस हा सर्वाधिक धोक्यात असतो. तो बहुधा तरुण मजूर असतो, गाडीच्या अगदी मागे वाकलेला असतो आणि चालकाला आरशात दिसत नाही. दगड गोल असेल तर चाक त्यावरून जाते किंवा तो दगड गोळीसारखा बाहेर फेकला जातो. सुरक्षित रीतीत लाकडी पाचरीसारखे दोन ठोकळे दोरीला बांधून चाकांमागून ओढत नेतात, त्यामुळे गाडी थांबताच ते जागेवरच असतात व कोणाला चाकाजवळ जावे लागत नाही. इशारा देणारा माणूस एकच असावा, त्याने चालकाला दिसेल अशा ठिकाणी, गाडीच्या वरच्या बाजूस व कडेला उभे राहावे, आणि तो दिसेनासा झाला की चालकाने थांबावे, हा संकेत क्रेनवर काम करणारे कटाक्षाने पाळतात. रॅम्पच्या खालचा रस्ता तेवढा वेळ मोकळा ठेवावा लागतो. वस्तीत हे सर्वांत कठीण काम ठरते, कारण अडलेली गाडी पाहण्यासाठी मुले नेमकी तेथेच जमतात.

गाडी चढत नाही हे स्पष्ट झाल्यावर ती इंजिनाच्या आधाराने सरळ रेषेत खाली उतरवितात. त्यानंतर माल कमी करणे, चाकांखाली गिट्टी किंवा विटांचे तुकडे पसरणे, अथवा चढ सुकेपर्यंत थांबणे हे पर्याय उरतात. काळ्या मातीच्या बाबतीत गिट्टीपूर्वी वरचा चिखल फावड्याने काढून घेणे आवश्यक असते. अन्यथा गिट्टी चिखलात दबून जाते.