कॉकवरचा एल्बो : खर्च थोडा, बचत मोठी

आम्ही कापडाचे व्यापारी. रंगाईच्या कारखान्यातून माल उचलताना छटा एकसारखी आहे की नाही, हे आधी पाहतो. धुलाईत पाणी कमी पडले की सुटा रंग कापडात राहतो आणि माल डागी होतो. अशा वेळी दोष रंगालाच दिला जातो. पण कधी कधी खरे कारण कॉकजवळ मुडपलेली नळी असते.

लाइनवरच्या कॉकचे तोंड समोर असते, तर पाण्याने भरलेली नळी वजनाने खाली लोंबते. वळते तिथेच ती चेपते आणि पुढे तिथेच चिरते. यावर सोपा उपाय म्हणजे एल्बो. नळी सरळ खाली सोडायची तर ९० अंशांचा, तिरकी न्यायची तर ४५ अंशांचा घ्यावा. ४५ च्या एल्बोत पाण्याचा जोर कमी घटतो.

खरेदीपूर्वी नळीचा आतला व्यास मोजावा, कॉकचे आटे जुळवून पाहावेत. गरम पाण्यासाठी पितळी एल्बो व उष्णता सोसणारी रबरी नळी हवी. साधी पीव्हीसी नळी मऊ पडून निसटते आणि कारागीर भाजतो. बाहेरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. वॉशरने बसणाऱ्या जोडाला टेप लागत नाही. नळीवर तार बांधू नये, ती रबर कापते. स्क्रूची क्लिप लावावी.

एका खराब ताग्याच्या नुकसानीपुढे हा खर्च किरकोळ आहे. कारखानदार बंधूंनी आपले कॉक एकदा तपासून घ्यावेत.