मोटर जळली, पण काऊन?

मार्च सरला की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तलावावर पोहायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. 1914 साली सुरू झालेल्या या संस्थेची ख्याती मल्लखांब-कुस्तीची. पण वऱ्हाडच्या उन्हात पोरांना ओढ असते ती पाण्याची. असा कुठलाही तलाव नितळ ठेवणारा पंप मात्र भिंतीआड फिरत असतो. तो तलावातलं पाणी ओढून आधी जाळीतून, मग वाळूच्या फिल्टरमधून नेतो आणि परत तलावात सोडतो. भर उन्हाळ्यात तो दोन-चार दिवस बंद पडला, की पाणी हिरवं पडायला लागतं.

मोटर बिघडली की ती जाते रिवाइंडिंगच्या दुकानात. तिथे विहिरीच्या, बोअरच्या, कूलरच्या मोटरींच्या रांगेत तिचाही नंबर लागतो. अमरावती-अकोल्यात तलाव मोजके, विहिरी भरपूर. त्यामुळे मिस्त्रीचा हात तयार होतो तो शेतीच्या मोटरींवर.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, म्हणजे बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. नाहीतर हंगामभर बंद राहून आतला भाग जाम झालेला. मोटर फिरते पण पाणी येत नाही, म्हणजे पंपाने हवा धरली. तेव्हा मोटर खोलण्याआधी तलावाची पातळी, जाळीच्या झाकणाचं रबर आणि ओढीच्या पाइपाचे सांधे पाहावेत.

सगळ्यात फसवं दुखणं सीलचं. पंप आणि मोटर यांच्यामधलं मेकॅनिकल सील झिजलं की क्लोरीनचं पाणी शाफ्टवरून थेंब थेंब बेअरिंगमध्ये उतरतं. बेअरिंग ओरडू लागतं. मालक बेअरिंग बदलून घेतो, सील तसंच ठेवतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दुकानात येतो. यात मिस्त्रीचा दोष अर्धा; उरलेला अर्धा ‘तेवढंच करून द्या भाऊ’ म्हणणाऱ्याचा.

त्यात वऱ्हाडचं ऊन. साधारण मोटरी भोवतालची हवा 40 अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेल्या असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या बंद खोलीत त्याहून वर. वायंडिंग दर 10 अंशांनी जास्त तापलं, की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून खोलीला समोरासमोर दोन झरोके पाडणं, हीसुद्धा मोटरीची दुरुस्तीच.

शेतात विजेची गंमत वेगळी. लाइन आली की ऑटो स्विच लावलेल्या साऱ्या मोटरी एकदम उचलतात, विजेचा दाब कोसळतो आणि मोटर जादा करंट खेचते. एखादा फेज उडाला तर आणखी वाईट. जाणता मिस्त्री जळालेलं वायंडिंग पाहून हे ओळखतो: स्टार जोडणीत दोन फेजची कॉइलं काळी आणि तिसऱ्याची शाबूत, डेल्टात उलट, एकाच फेजची काळी. दोन्हीत गुन्हेगार सिंगल फेजिंग. सगळीच कॉइलं सारखी काळवंडली असतील तर संशय जादा लोड, जाम पंप किंवा कमी दाबावर जातो.

पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात पाणीच वैरी. खारं पाणी लोखंड खातं आणि ओल आत शिरली की वायंडिंगमधून वीज जमिनीकडे वाट काढते. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावून वाचन 1 मेगओमच्या खाली आलं तर ती मोटर चालवू नये.

रिवाइंडिंग म्हणजे जुनी तार उपसताना वेढे आणि गेज टिपून ठेवणं, खाचांत नवा कागद, नवी तार, वार्निश आणि भट्टी. भट्टीऐवजी नुसत्या उन्हात वाळवलेलं वार्निश आतून कच्चं राहू शकतं. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम भरलं तर खर्च वाचतो खरा, पण ॲल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या जेमतेम 60 टक्के. तेवढ्याच खाचेत ते अधिक तापतं. माझ्या मते वऱ्हाडच्या उन्हात ही काटकसर परवडत नाही.

तेव्हा मोटर दुकानात टाकताना पैशाची बोली करण्याआधी मिस्त्रीला विचारा, ‘भाऊ, जळली ते दिसूनच राह्यलं, पण काऊन जळली?’ उत्तर देता येत नसेल तर मोटर उचला आणि दुसऱ्या दुकानात न्या.