समुद्राच्या तळाशी सापडला आठ पाट्यांच्या कवचाचा जीव. आठ हजारांवर नावं आली, शेवटी नाव पडलं ‘लोकांचा’

जपानजवळच्या समुद्रात साडेपाच हजार मीटर खोलीवर २०२४ मध्ये एक जीव सापडला होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याला अधिकृत शास्त्रीय नाव मिळालं, ‘फेरेराएला पॉप्युली’. पॉप्युली हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ ‘लोकांचा’. असं नाव पडलं कारण ते खरंच लोकांनी सुचवलं. झे फ्रँक या यूट्यूबवाल्याने या जीवावर व्हिडिओ केला आणि जर्मनीतल्या झेंकेनबर्ग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लोकांना सांगितलं, नाव सुचवा. आठवड्याभरात आठ हजारांवर नावं आली. त्यात अकरा जणांनी एकमेकांना न विचारता ‘पॉप्युली’ हेच नाव कळवलं होतं.

साडेपाच हजार मीटर म्हणजे किती खोल? आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. एकावर एक तीन कळसूबाई समुद्रात उभे केले तरी वर साडेपाचशे मीटर पाणी उरेल. तिथं सूर्याचा उजेड पोचत नाही. पाण्याचा दाब एवढा, की नखाएवढ्या जागेवर साधारण साडेपाच क्विंटल वजन ठेवल्यासारखं.

अशा ठिकाणी हा जीव राहतो कुठं, तर बुडालेल्या लाकडावर. पुरात नदीतून झाडं, ओंडके वाहून जातात ते आपण दरवर्षी बघतो. त्यातले काही समुद्रात जातात, पाणी पिऊन जड होतात आणि तळाला बसतात. मग जंतू लागतात, लाकूड पोखरणारे शिंपले लागतात, आणि एका ओंडक्यावर एक छोटी वस्तीच उभी राहते. फेरेराएला कुळातले जीव फक्त अशा बुडालेल्या लाकडावरच सापडतात. म्हणजे जमिनीवरच्या जंगलावर समुद्राच्या तळाची पंगत चालते, असं म्हणायला हरकत नाही.

या जीवाला इंग्रजीत कायटन म्हणतात. गोगलगाय आणि शिंपला ज्या मोठ्या गटात येतात त्याच मृदुकाय गटातला हा. गोगलगायीच्या पाठीवर एक शंख असतो, कायटनच्या पाठीवर मात्र आठ वेगवेगळ्या पाट्या असतात, कौलासारख्या एकावर एक बसवलेल्या. त्यामुळे कवच असूनही तो खडकाच्या वळणाप्रमाणे वाकतो, आणि उपटून काढला तर गुंडाळी करून घेतो.

२०२२ साली मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं कशी फस्त केली ते शेतकरी विसरलेला नाही. ती खाते ते कानशीसारख्या जिभेने, पान खरवडून. कायटनची जीभ तशीच, पण तिच्या दातांवर लोहाचा थर असतो. मॅग्नेटाइट म्हणतात त्याला, चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. अंगातच लोखंडी अवजार तयार करणारा प्राणी! आणखी एक गंमत, या नव्या कायटनच्या शेपटीजवळ बारीक कृमी राहतात आणि त्याच्या विष्ठेवर जगतात. शेणकिडा आपण पाहिलाय, पण हे तर गोठ्यातच मुक्काम ठोकून आहेत.

आता कुणी म्हणेल, जीव सापडला, फोटो काढला, झालं की. नावासाठी एवढा खटाटोप कशाला? शास्त्रात तसं चालत नाही. आधी बघावं लागतं की हा आधीच कुणी नोंदवलेला तर नाही. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचं, पाट्या आणि दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, जमल्यास डीएनए बघायचा. मग एक नमुना कायमचा संग्रहालयात जमा करायचा, उद्या वाद झाला तर तोच पुरावा. आणि सगळं वर्णन शोधपत्रिकेत छापायचं. त्यानंतरच नाव लागतं. जमीन कितीही पिढ्या कसा, सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय तलाठी ऐकतो का? तसंच आहे हे. नाव दोन भागांचं, आधी कुळाचं आणि मग स्वतःचं. ही पद्धत स्वीडनच्या लिनियसने घालून दिली. प्राण्यांच्या नावांसाठी १७५८ सालचं त्याचं पुस्तक सुरुवात मानतात.

या कामाला एरवी दहा-वीस वर्षं लागतात. या कायटनचं दोन वर्षांत झालं, हीच मोठी गोष्ट.

उशीर झाला तर काय बिघडतं? आपल्याच हिंदी महासागरातलं उदाहरण बघा. पायावर लोहाचे खवले असलेली एक गोगलगाय तिथं उकळत्या पाण्याच्या झऱ्यांजवळ २००१ मध्ये सापडली. नाव मिळालं २०१५ मध्ये. त्यानंतर २०१९ मध्ये तिची धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत नोंद झाली, कारण तिच्या जागेवर खाणकामाची टांगती तलवार होती. नावच नसतं तर यादीत काय लिहिणार?

समुद्रतळाच्या खाणीचा विषय आपल्यालाही परका नाही. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर भागात निकेल, कोबाल्ट, तांबं, मँगेनीज असलेले गोळे शोधण्याचा करार भारताकडे आहे. सहा हजार मीटरपर्यंत तिघांना नेणारी मत्स्य-६००० ही पाणबुडी चेन्नईत तयार होतेय. बॅटरी आणि मोबाइलसाठी हे धातू लागतात, ते नको असं म्हणता येत नाही. पण तिथं कोण राहतं याची नोंद आधी व्हावी, खोदाई नंतर, असं माझं मत. २०१८ मध्ये मक्यावर नवी लष्करी अळी आली तेव्हाही ती नेमकी कोणती हे ठरल्यावरच फवारणीचा सल्ला निघाला होता.

कायटन बघायला जपानला जायची गरज नाही. त्याचे उथळ पाण्यातले भाऊबंद कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही असतात. ओहोटीला खडकाच्या कपारीत बघा, अंगठ्याच्या पेराएवढा, आठ आडव्या पाट्यांचा, दगडाच्याच रंगाचा. हात लावला की आणखी घट्ट चिकटतो. ओढून काढू नका, फोटो काढा.